प्लॅन ३०० चा, मोबाईलवर मात्र ९०

तांब्याच्या तारेवरून फायबरवर येताना वेगाची अपेक्षा किती ठेवावी, हा विषय मागच्या अंकात जाहीर केला होता. पत्रांचा ढीग आला. घरोघरी फायबर जोडणं आणि बिघडलेली कनेक्शनं मार्गी लावणं यातच माझी नोकरी गेली, त्यामुळे कितीतरी पत्रं वाचताना वाटलं, उठून जावं आणि त्या राउटरमागची केबल एकदा बघून यावी. ते शक्य नाही, म्हणून सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते आहे. एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती जवळजवळ प्रत्येक उत्तरात येणार आहे. कंपनी जो आकडा विकते तो भिंतीवरच्या डबीपर्यंतचा असतो. तिथून हातातल्या फोनपर्यंतचा रस्ता तुमच्या घराचा, आणि वेग बहुतेक वेळा तिथेच सांडतो.

प्रश्न: ताई, आमच्याकडे आधी टेलिफोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड होतं, १२ ते १४ एमबीपीएस मिळायचे. आता ३०० चं फायबर घेतलं. जोडणीला आलेल्या मुलाने त्याच्या लॅपटॉपवर २९० च्या वर वेग दाखवला. तो गेल्यावर माझ्या मोबाईलवर आतल्या खोलीत ९० येतात, मुलीच्या जुन्या फोनवर तर ३५. त्याने काही हातचलाखी केली का?

उत्तर: नाही, त्या मुलावर संशय घेऊ नका. त्याने लॅपटॉप केबलने राउटरला जोडून वेग मोजला असणार, आणि तीच योग्य पद्धत आहे. २९० हा तुमच्या कनेक्शनचा वेग. ९० आणि ३५ हे तुमच्या वाय-फायचे. तिन्ही आकडे खरे आहेत, फक्त वेगवेगळ्या जागी मोजलेले आहेत.

बाहेरून १४ यायचे तेव्हा घरातलं वाय-फाय कितीही मरतुकडं असलं तरी १४ ची सोय होत होती. त्यामुळे ते कमी पडतंय हे कधी कळलंच नाही. आता बाहेरून ३०० यायला लागले आणि ते उघडं पडलं. नवीन फायबर घेतलेल्या घरांतल्या तक्रारींत मी हाच प्रकार सगळ्यात जास्त पाहिला आहे.

वाय-फायचे घरात सहसा दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीतून बऱ्यापैकी आरपार जातो, पण तो अरुंद आहे. एकमेकांवर न चढणारे चॅनल म्हणून १, ६ आणि ११ हे तीनच सहसा वापरले जातात, आणि आजूबाजूच्या सगळ्या घरांचे राउटर त्यांच्यावरच बोलत असतात. एकच अँटेना असलेला जुना फोन या पट्ट्यावर राउटरशी साधारण ७२ एमबीपीएसच्या लिंकने, म्हणजे दोघांनी आपसात ठरवलेल्या वेगाने, जोडला जातो. या लिंकपैकी प्रत्यक्ष हाती येतो तो निम्मा, फार तर दोन तृतीयांश. बाकीचा वेळ वाय-फायच्या आपसातल्या पाळ्या ठरवण्यात, पोचपावत्या देण्यात जातो. म्हणजे मुलीच्या फोनवरचे ३५ अगदी हिशेबात बसतात. तो फोन राउटरशेजारी नेऊन ठेवला तरी फारसा वाढणार नाही. कनेक्शन ३०० चं सोडून १००० चं घेतलं तरी त्याच्यावर ३५ च राहतील.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा रुंद आणि वेगवान, पण भिंतींपुढे लवकर दमतो. दोन अँटेनांचा वाय-फाय ५ चा (इथे ५ म्हणजे वाय-फायची पिढी, पट्टा नव्हे) फोन तिथे ८६६ च्या लिंकने जोडला जातो आणि राउटरच्याच खोलीत ४०० ते ६०० पेलू शकतो. वाय-फाय ६ चा फोन १२०० ची लिंक दाखवतो आणि ६०० ते ८०० पेलतो. मध्ये एक भिंत आली की यात मोठी घट होते, आणि काँक्रीटच्या दोन भिंती आल्या की बरेचदा फोन आपणहून २.४ वर जाऊन बसतो. तुमचे ९० त्यातलेच दिसतात. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये वाय-फायच्या नावावर दाबलं की तपशिलात पट्टा आणि लिंक स्पीड दोन्ही लिहिलेले असतात. तिथे बघितलं की अंदाज करत बसावं लागत नाही.

आता एवढं करा. तुमचा फोन घेऊन राउटरपासून दोन-तीन मीटरवर उभं राहून मोजा. २५० च्या पुढे आले तर कनेक्शन आणि राउटर दोन्ही चोख आहेत, फक्त राउटरची जागा चुकली आहे. तो घराच्या मध्याकडे, छातीच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी यांच्या आड ठेवू नका. जोडणी करणारी माणसं वायर जिथून घरात शिरते तिथेच राउटर टांगून मोकळी होतात, आणि ती जागा बहुतेक वेळा घराचा एक कोपरा असते. जोडणीच्या दिवशीच चार मीटर वायर जास्त ओढून मागा. नंतर ते काम कुणी आनंदाने करत नाही.

प्रश्न: ३०० चा प्लॅन असून मोठी फाईल उतरवताना ३५ च्या वर आकडा जात नाही. हे नऊपट कमी झालं. तक्रार कुठे करायची?

उत्तर: तक्रार करू नका, तुम्हाला पूर्ण वेग मिळतो आहे. प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि फाईल उतरवणारा प्रोग्रॅम सहसा मेगाबाइटमध्ये मोजतो. ८ बिट म्हणजे १ बाइट. तुमचे ३५ मेगाबाइट म्हणजे २८० मेगाबिट झाले. ३०० च्या प्लॅनवर ३७.५ च्या वर तो आकडा जाणं शक्यच नाही.

प्रश्न: मी १००० एमबीपीएसचं कनेक्शन घेतलं आहे. वाय-फायच्या भानगडी नकोत म्हणून कॉम्प्युटर केबलने जोडला. तरी दिवसा, रात्री, कधीही मोजा, ९४ येतात. ना कमी, ना जास्त. कंपनीचा माणूस येतो, त्याच्या लॅपटॉपवर ९३० दाखवतो आणि निघून जातो.

उत्तर: तुमच्या पत्रातला ९४ हा आकडा वाचला आणि माझा जीव भांड्यात पडला, कारण इतका स्पष्ट पुरावा क्वचित मिळतो. गर्दीमुळे किंवा कंपनीच्या दोषामुळे कमी झालेला वेग वर-खाली होतो. तो इतका ठाम राहत नाही. ९४ म्हणजे १०० च्या लिंकमधून माहितीच्या प्रत्येक पाकिटावरच्या पत्त्यांचा आणि इतर नोंदींचा वाटा वजा जाऊन उरलेला वेग. याचाच अर्थ, तुमचा कॉम्प्युटर आणि राउटर यांच्यात १००० ऐवजी १०० ची लिंक झाली आहे.

इथरनेटच्या केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. १०० च्या वेगाला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात. १००० ला चारही लागतात. १०० ला न लागणाऱ्या दोन जोड्यांतली एक तार जरी तुटली किंवा नीट टेकली नाही, तरी दोन्ही बाजूची यंत्रं आपसात ठरवून १०० वर उतरतात आणि काम चालू ठेवतात. कुठेही लाल दिवा लागत नाही, की स्क्रीनवर काही सूचना येत नाही.

अशाच एका घरी मला केबलची पांढरी साल आरपार धड दिसत होती. मग तिची टोकाची क्लिप उजेडात धरली. ती पारदर्शक प्लास्टिकची असते, त्यामुळे आठही तारांची तांब्याची टोकं समोरून ठिपक्यांसारखी दिसायला हवीत. सातच ठिपके होते. तपकिरी तार आतच आखूड राहिली होती, क्लिपच्या पुढच्या भिंतीपर्यंत पोचलीच नव्हती. तपकिरी जोडी १०० च्या वेगाला लागत नाही, म्हणून तोवर कुणाला पत्ताच नव्हता. ती क्लिप कापली, तारा नीट सरळ करून नवी बसवली, आणि कॉम्प्युटर ९४० वर गेला. तुम्हाला हे उपद्व्याप करायची गरज नाही. कॅट ५ई किंवा कॅट ६ ची तयार केबल आणा आणि बदलून बघा. १०० मीटरपर्यंत १००० एमबीपीएससाठी कॅट ५ई पुरेशी आहे, त्याहून महागडीच्या मागे लागू नका.

केबल बदलूनही ९४ राहिले तर कॉम्प्युटरचं पोर्टच १०० चं असेल, किंवा मध्ये एखादा जुना नेटवर्क स्विच (एका केबलच्या अनेक करणारी डबी) बसलेला असेल. विंडोजमध्ये नेटवर्कच्या माहितीत लिंक स्पीड लिहिलेली असते, तिथे १००/१०० दिसतं की १०००/१००० ते बघा. सगळं नीट झाल्यावरसुद्धा १००० पूर्ण दिसणार नाहीत. गिगाबिटच्या पोर्टवर ९३० ते ९४० ही वरची मर्यादा आहे, आणि तेवढे आले की समाधान माना.

प्रश्न: आम्ही घरात चौघं. दोघांचं काम घरून, मुलं व्हिडिओ बघतात. १०० घ्यावं, ३०० घ्यावं की थेट १०००? विकणारा म्हणतो, आता १००० शिवाय भागत नाही.

उत्तर: भागतं, आणि छान भागतं. कागदावर बेरीज करून बघा. ४के व्हिडिओला १५ ते २५ एमबीपीएस लागतात, साध्या एचडीला ५ च्या आसपास. गटातल्या व्हिडिओ मीटिंगला ३-४ पुरतात, पण ते येताना आणि जाताना दोन्हीकडे हवेत. आता सगळ्यात वाईट वेळ धरा: दोन मीटिंगा चालू, दोन पडद्यांवर ४के, शिवाय कुणाचा तरी फोन अपडेट घेतोय. ७०-८० झाले. १०० चं कनेक्शन खरोखर १०० देत असेल तर चौघांचं त्यात निभावतं. ३०० मध्ये ऐसपैस होतं.

वेबपानं उघडण्यासाठी तर आणखी वेग घेऊन हाती काहीच लागत नाही. गूगलमध्ये असताना माईक बेल्शे यांनी २०१० मध्ये हे मोजून दाखवलं होतं. लाईन १ वरून २ एमबीपीएस केली की पान उघडायचा वेळ खूप घटतो, पण ५ वरून १० केली तर जेमतेम ५ टक्क्यांचा फरक पडतो. कारण पान उघडताना बहुतेक वेळ जातो तो ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या विचारण्या-सांगण्यात, आणि त्या फेऱ्या रुंद लाईन घेतल्याने लवकर होत नाहीत.

१००० चा उपयोग नक्की होतो तो मोठ्या फायली उतरवताना. ५० गीगाबाइटचा खेळ १०० वर साधारण १ तास ७ मिनिटांत येतो, ३०० वर २२ मिनिटांत आणि १००० वर ७ मिनिटांत, तेही समोरचा सर्व्हर तेवढा देत असेल आणि कॉम्प्युटर केबलवर असेल तर. हे तुम्ही रोज करत असाल तर जरूर घ्या. महिन्यातून एकदा करत असाल तर २२ मिनिटं थांबायला हरकत नसावी.

घरून काम करणाऱ्या दोघांसाठी मात्र माझा आग्रह एकाच गोष्टीचा राहील: अपलोडचा आकडा विचारा. जाहिरातीत ३०० लिहिलेलं असतं ते येण्याच्या दिशेचं. काही प्लॅनमध्ये जाण्याच्या दिशेलाही तेवढेच मिळतात, काहींत २० किंवा ३० च. ६ गीगाबाइटचा व्हिडिओ पाठवायला २० च्या अपलोडवर ४० मिनिटं लागतात, १०० च्या अपलोडवर ८. मला निवडायला सांगितलं तर ३०० खाली आणि २० वर अशा प्लॅनपेक्षा १०० खाली आणि १०० वर असा प्लॅन मी डोळे झाकून घेईन. सोबत हेही विचारा, की महिन्याला ठरावीक डेटा वापरल्यावर वेग कमी करतात का, आणि करत असतील तर कितीवर आणतात. हे बारीक अक्षरात असतं आणि विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

प्रश्न: २०० चं फायबर आहे, स्पीड टेस्ट उत्तम येते. तरी माझ्या मीटिंगमध्ये मधेच आवाज तुटतो. लक्षात आलं, की बायको बाहेरून घरी आली की पाच-दहा मिनिटं हे होतं. फोनचा आणि याचा काय संबंध?

उत्तर: संबंध आहे, आणि तुमचं निरीक्षण अचूक आहे. तुमच्या पत्नींचा फोन घरच्या वाय-फायवर आला की दिवसभरातले फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढवायला लागतो. तुमचं अपलोड २० चं असेल तर तो सगळे २० खाऊन टाकतो. वेगाची वाटणी एवढीच अडचण असती तर तुमच्या मीटिंगला हव्या त्या तीनची सोय झाली असती. खरी गोम राउटरच्या आत आहे.

लाईन भरली की राउटर जास्तीची पाकिटं टाकून न देता रांगेत थांबवून ठेवतो. एका खिडकीपुढे कुणी हजार अर्ज घेऊन उभा राहिला आणि त्याच्या मागे तुम्ही एकच कागद घेऊन उभे राहिलात, तर तुमचं काम क्षणभराचं असलं तरी त्याचे हजार संपेपर्यंत थांबावं लागतं. तुमच्या आवाजाची चिमुकली पाकिटं त्या फोटोंच्या मागे अशी अडकतात. एरवी १० मिलिसेकंदांत होणारी फेरी कित्येक शेकड्यांवर जाते आणि आवाज तुटतो. याला बफरब्लोट म्हणतात. स्पीड टेस्टच्या मोठ्या आकड्यात तो दिसत नाही, कारण पिंग, म्हणजे या फेरीला लागणारा वेळ, बरेचदा लाईन रिकामी असताना मोजलेला असतो. हल्ली काही टेस्ट डाउनलोड आणि अपलोड चालू असतानाचा पिंगही वेगळा दाखवतात. तो बघा. रिकाम्या लाईनवर १० आणि भरलेल्या लाईनवर ३०० असेल तर दुखणं हेच.

उपाय सोपा आहे. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये कोडेल नावाची पद्धत मांडली. पाकीट रांगेत किती वेळ थांबलं यावर तिची नजर असते आणि रांग वाढू लागली की ती वेळीच आवरते. पुढे तिच्यावरून एफक्यू-कोडेल आणि केक या पद्धती आल्या. त्या प्रत्येकाच्या पाकिटांची रांग वेगळी लावतात. राउटर घेताना स्मार्ट क्यू किंवा एसक्यूएम ही सोय आहे का ते विचारा, आणि तिथे अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ९० टक्के लावा. दोन एमबीपीएस गमावाल, पण मीटिंग सुरळीत चालेल. तुमचा राउटर हे करत नसेल तर फोनचा बॅकअप रात्री चार्जिंगवर असतानाच होईल अशी सेटिंग करून टाका. २०० चं ५०० करून यातलं काहीही सुटणार नाही, अपलोड वाढला तरच थोडा फरक पडेल. अनेक घरांनी यापायी प्लॅन मोठा केला आणि मीटिंग होती तशीच तुटत राहिली. ते पाहून मला वाईट वाटतं.

प्रश्न: ताई, मी कॉलेजमध्ये आहे, ऑनलाईन गेम खेळतो. ३०० वरून १००० केलं तर पिंग कमी होईल का? बाबांना पटवायचं आहे.

उत्तर: पिंगसाठी बाबांना खर्चात पाडू नकोस. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. खेळाचा सर्व्हर १,००० किलोमीटरवर असेल तर जायला ५ आणि यायला ५, असे १० मिलिसेकंद लागणारच. ३०० चा प्लॅन असो की १००० चा, काच तीच आणि प्रकाशही तोच. टेलिफोनच्या तारेवरून फायबरवर येताना मात्र पिंग खरंच उतरतो, कारण तारेवरचा गोंगाट निस्तरण्यासाठी जुनं तंत्र माहितीची सरमिसळ करून पाठवायचं आणि त्यात वेळ जायचा. तो फायदा तू आधीच मिळवला आहेस. आता खेळायचं यंत्र वाय-फायवरून काढून केबलवर लाव आणि गेममध्ये जवळचा सर्व्हर निवड. खेळाला स्वतःला १ एमबीपीएससुद्धा क्वचितच लागतो.

प्रश्न: आमचं घर एक्सचेंजपासून फार लांब. टेलिफोनच्या तारेवर आम्हाला ४ च्या वर कधी मिळाले नाहीत. फायबरवरही लांबच्या घरांना कमीच मिळणार ना? शिवाय शेजाऱ्यांकडचा तंत्रज्ञ म्हणत होता, "लाईट कमी येतोय." म्हणजे काय?

उत्तर: तुमच्यासारख्यांसाठीच फायबर ही खरी सुवार्ता आहे. तांब्याच्या तारेत विजेचा संकेत अंतरागणिक विरत जातो. एडीएसएल२+ एक्सचेंजच्या जवळ २४ पर्यंत जायचं आणि काही किलोमीटरवर चार-पाचवर यायचं. काचेची गोष्ट वेगळी. चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये सांगितलं, की काच पुरेशी शुद्ध करता आली तर तिच्यातून संदेश लांबवर जाईल. त्यांनी धरलेली मर्यादा किलोमीटरला २० डेसिबल घट एवढी होती. आजच्या तंतूत ती ०.२ ते ०.३५ च्या घरात आहे. (काओ यांना २००९ चं नोबेल मिळालं, ते याच कामासाठी.) घरगुती फायबरचं रूढ तंत्र, जीपॉन, २० किलोमीटरपर्यंत चालतं. त्या टप्प्यात शेवटच्या घरालाही पहिल्या घराइतकाच वेग मिळतो.

"लाईट कमी" म्हणजे घरापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद कमी. ती डीबीएममध्ये, उणे आकड्यात मोजतात. उणे १५ ते उणे २५ मधलं वाचन असेल तर निर्धास्त राहा. उणे २७ च्या आसपास नेहमीच्या यंत्रांची सहनशक्ती संपते. इथे एक समजून घ्या: लाईट थोडा कमी झाला म्हणून ३०० चे २५० होत नाहीत. मर्यादेच्या आत आहे तोवर पूर्ण वेग मिळतो, आणि मर्यादा गाठली की चुका होऊ लागतात, कनेक्शन तुटतं-जुळतं, डबीवरचा एलओएसचा (सिग्नल हरवल्याचा) लाल दिवा लागतो. कारण बहुधा दोनांपैकी एक. एक तर वायर कुठेतरी दाराच्या कोपऱ्यात किंवा खिळ्याभोवती घट्ट वाकवलेली असते. काचेला वळण चालतं, घडी चालत नाही. किंवा कनेक्टरच्या टोकावर धूळ असते. प्रकाश जातो तो गाभा साधारण ९ मायक्रॉनचा, त्यामुळे डोळ्याला न दिसणारा कणही वाट अडवतो. ते टोक बोटाने किंवा कपड्याने पुसू नका, तंत्रज्ञाकडून साफ करून घ्या. आणि उघड्या टोकात डोळा लावून कधीही बघू नका. आतला प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. मुलांना हे आवर्जून सांगा.

प्रश्न: सकाळी २९० येतात, रात्री नऊला १२०. फायबरवरही गर्दी होते का?

उत्तर: होते. जीपॉनमध्ये एका तंतूवर येतानाचे २.४८८ जीबीपीएस आणि जातानाचे १.२४४ जीबीपीएस असतात, आणि स्प्लिटर (प्रकाश वाटून देणारा तुकडा) लावून ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण ताकदीने खेचलं तर प्रत्येकाच्या वाट्याला ७८ एमबीपीएसच येतील. तसं सहसा होत नाही, म्हणून वाटणी खपून जाते. नव्या एक्सजीएस-पॉनमध्ये दोन्ही दिशांना १० जीबीपीएस असतात, तिथे ही चिंता आणखी कमी. माझ्या अनुभवात संध्याकाळची घसरण तंतूवर कमी आणि कंपनीच्या पुढच्या जोडण्यांवर जास्त होते, म्हणजे कंपनीने पुरेशी क्षमता विकत घेतलेली नसते.

आधी केबलने मोजा, कारण रात्री शेजाऱ्यांची वाय-फायही जोरात चालू असतात आणि दोष भलत्यावरच जातो. केबलवरही १२० आले तर आठवडाभर ठरावीक तीन वेळांना मोजून तारीख, वेळ, सर्व्हर आणि आकडा वहीत लिहा. एकदा कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर, एकदा बाहेरच्या. कंपनीच्या सर्व्हरवर २९० आणि बाहेर १२० असेल तर दोष कंपनीच्या बाहेर जाणाऱ्या वाटेवर आहे, हे तुम्ही ठामपणे सांगू शकता. "नेट स्लो आहे" या तक्रारीला राउटर बंद-चालू करायचा सल्ला मिळतो. असा तक्ता पाठवला की तक्रार अभियंत्याच्या टेबलावर जाते.

प्रश्न: मागच्या खोलीसाठी रिपीटर घेतला. पूर्ण दांड्या दिसतात, पण वेग निम्माही नाही.

उत्तर: दांड्या तुम्हाला फोन ते रिपीटर एवढंच अंतर सांगतात. रिपीटरला राउटरकडून किती मिळतंय ते त्यात कळत नाही. शिवाय साधा रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग तिथेच अर्धा होतो. तो ज्या खोलीत सिग्नल नाही त्या खोलीत ठेवायचा नसतो, अर्ध्या वाटेवर ठेवायचा असतो. आधी तेवढं करून बघा. कायमचा इलाज हवा असेल तर मागच्या खोलीपर्यंत इथरनेट केबल ओढा आणि तिथे अ‍ॅक्सेस पॉइंट (केबलवरून वाय-फाय देणारी डबी) किंवा मेशचा, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या राउटरांच्या संचाचा, दुसरा तुकडा त्या केबलवर लावा. भिंतीला भोक पाडायला लोक कचरतात, पण त्या एका भोकाने जे साधतं ते महागड्या राउटरने साधत नाही.

प्रश्न: टीव्हीला वाय-फायवर २०० येत होते. चांगलं व्हावं म्हणून केबल लावली तर ९३ वर आला. उलटंच झालं, केबल काढून टाकू का?

उत्तर: काढू नका. बऱ्याच टीव्हींना कंपन्या १०० चंच पोर्ट देतात, म्हणून ९३. पण ४के ला फार तर २५ लागतात, आणि केबलवरचे ९३ शेवटच्या मिनिटापर्यंत ९३ च राहतात. शिवाय टीव्ही वाय-फायवरून उतरला की ती जागा घरातल्या फोनना मिळते.